इंग्रजी क्रियापद, त्यामागचे अव्यय आणि सर्वनाम: नव्याने शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

इंग्रजीतले काळ, वचन आणि वाक्यरचना बऱ्यापैकी जमू लागल्यानंतरही बोलताना जीभ अडखळते ती बहुधा ‘ॲट’, ‘ऑन’, ‘अप’, ‘फॉर’ अशा एवढ्याशा शब्दांपाशी. हे शब्द क्रियापदामागे येऊन कधी त्याचा अर्थ पार बदलून टाकतात, तर कधी केवळ कर्माशी सांधा जुळवतात. आणि कर्माच्या जागी ‘इट’, ‘हिम’ किंवा ‘देम’ आले की ते मध्ये घालायचे की शेवटी ठेवायचे, असा नवाच प्रश्न उभा राहतो. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला, तेव्हा क्रियापदाला छोटे शब्द जोडून अर्थ फिरवण्याची ही रीत परकीयांना फार अवघड जाते, असे त्याने प्रस्तावनेतच नोंदवून ठेवले होते. तेव्हा ज्यांना ही अडचण येते त्यांनी स्वतःला मंद समजण्याचे कारण नाही.

या वाटेने गेल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे आणि पुढील सर्व पायऱ्या त्याच मतावर उभ्या आहेत: इंग्रजी क्रियापद एकटे पाठ करू नये, सर्वनामासह पाठ करावे. वहीत ‘स्विच ऑफ’ असे न लिहिता ‘स्विच इट ऑफ’ असे लिहावे आणि ‘लुक आफ्टर’ असे न लिहिता ‘लुक आफ्टर हिम’ असे लिहावे. एवढ्या एका सवयीने अर्ध्याहून अधिक गोंधळ जागच्या जागी मिटतो.

लिप्यंतराबाबत आधीच दोन खुलासे करतो. षष्ठीचा अर्थ देणारे अव्यय मी ‘ऑव्ह’ असे लिहिले आहे आणि दूर होण्याचा किंवा बंद पडण्याचा अर्थ देणारे ‘ऑफ’ असे. मराठी उच्चारात दोन्ही एकच होऊन बसतात, म्हणून हा भेद डोळ्यांपुढे राहिलेला बरा. तसेच अवतरणचिन्हांतील इंग्रजी ‘मी’ म्हणजे मराठीतले ‘मला’. कर्त्यासाठी ‘आय’ वापरले आहे.

लागणारी साधने

- शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड, लाँगमन आणि कॉलिन्स कोबिल्ड हे तिन्ही उत्तम आहेत. इंग्रजी-मराठी शब्दकोश अर्थ सांगतो, पण क्रियापद कोणते अव्यय घेते हे क्वचितच सांगतो.
- एक स्वतंत्र वही. तिची मांडणी शेवटच्या पायरीत दिली आहे.
- प्रत्यक्ष वापरातील वाक्यांचा संग्रह, म्हणजे कॉर्पस. अमेरिकी इंग्रजीचा ‘कोका’ हा संग्रह एक अब्जाहून अधिक शब्दांचा असून नोंदणी केल्यावर त्यात शोध घेता येतो. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस सुमारे दहा कोटी शब्दांचा आहे.
- ऐकण्यासाठी स्वाभाविक गतीचे कोणतेही इंग्रजी संभाषण, शक्यतो त्याच्या लिखित संहितेसह.

१. मराठी प्रत्यय कुठे आडवा येतो ते ओळखा

मराठीत संबंध दाखवण्याचे काम नामाला किंवा सर्वनामाला चिकटलेला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय करते: त्याला, त्याच्याशी, त्याच्यावर, त्याच्याकडे. कोणत्या क्रियापदाला काय लागते हे आपण लहानपणी ऐकून शिकलो, म्हणून ते नियमासारखे जाणवतही नाही. इंग्रजीतही निवड क्रियापदच करते. मात्र तिथली निवड आपल्याहून वेगळी असते. म्हणून ‘शी’ म्हणजे ‘विथ’, ‘वर’ म्हणजे ‘ऑन’ आणि ‘ला’ म्हणजे ‘टू’ अशी समीकरणे डोक्यात बसली असतील तर ती प्रथम काढून टाकावीत.

‘वर’चेच पाहा. आपण त्याच्यावर रागावतो, त्याच्यावर प्रेम करतो, त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि त्याच्यावर अवलंबूनही राहतो. इंग्रजीत यांची रूपे अनुक्रमे ‘अँग्री विथ हिम’, ‘लव्ह हिम’, ‘ट्रस्ट हिम’ आणि ‘डिपेंड ऑन हिम’ अशी होतात. चारांपैकी एकाच ठिकाणी ‘ऑन’ आले, दोन ठिकाणी काहीच आले नाही. लग्न आपण कोणाशी तरी करतो, पण इंग्रजीत ‘मॅरी हिम’ एवढेच पुरते. आणि झालेल्या लग्नाविषयी बोलायचे तर ‘मॅरिड टू हिम’ म्हणतात, ‘विथ’ तिथेही येत नाही. ‘त्याला सांग’ हे ‘टेल हिम’ होते, पण ‘से’ हे क्रियापद घेतले की ‘से इट टू हिम’ म्हणावे लागते. खोलीत शिरायचे तर ‘एंटर द रूम’. ‘इंटू’ येते ते करारात किंवा चर्चेत शिरताना.

उलट बाजूचा सापळाही तितकाच मोठा आहे. मराठीत ‘ते शोध’, ‘ते माग’, ‘त्याची वाट बघ’, ‘गाणी ऐक’ यांत क्रियापदाला वेगळे अव्यय लागत नाही. इंग्रजीत मात्र ‘लुक फॉर इट’, ‘आस्क फॉर इट’, ‘वेट फॉर हिम’, ‘लिसन टू देम’ असे म्हणावेच लागते. ‘वेट मी’ किंवा ‘लिसन म्युझिक’ अशी वाक्ये येथूनच जन्मतात.

काही चुकांचे मूळ मराठीत नसून इंग्रजीतच असते, आणि ते कळले तर त्या कायमच्या सुटतात. ‘डिस्कस अबाउट’, ‘रिक्वेस्ट फॉर’, ‘ऑर्डर फॉर’, ‘डिमांड फॉर’, ‘एम्फसाइझ ऑन’ ही क्रियापदे इतक्या जणांच्या तोंडी का असतात? कारण त्यांची नामे ते अव्यय खरोखरच घेतात: ‘अ डिस्कशन अबाउट इट’, ‘अ रिक्वेस्ट फॉर इट’, ‘ॲन ऑर्डर फॉर इट’, ‘अ डिमांड फॉर इट’, ‘ॲन एम्फसिस ऑन इट’. नाम आले की अव्यय येते, क्रियापद आले की ते गळते: ‘डिस्कस इट’, ‘रिक्वेस्ट इट’, ‘ऑर्डर इट’, ‘डिमांड इट’, ‘एम्फसाइझ इट’. ‘आन्सर’चेही तसेच आहे: ‘ॲन आन्सर टू इट’, परंतु ‘आन्सर इट’. मात्र त्याचा जुळा भाऊ ‘रिप्लाय’ क्रियापद म्हणूनही ‘टू’ सोडत नाही: ‘रिप्लाय टू इट’. अव्ययाची नुसती भर पडणारी ‘कोप अप विथ’ आणि ‘रिटर्न बॅक’ ही रूपेही याच ठिकाणी टाकून द्यावीत. ‘कोप विथ इट’ आणि ‘रिटर्न’ पुरेसे आहे.

२. ‘इट’ची कसोटी लावा

क्रियापदामागे येणारे अव्यय दोन प्रकारचे असते आणि दिसायला ते अगदी सारखेच असते. एक प्रकार पुढच्या नामाला बांधलेला असतो. त्याला प्रिपोझिशन म्हणतात. दुसरा क्रियापदाला बांधलेला असतो आणि त्याला पार्टिकल म्हणतात. हा भेद ओळखण्यासाठी कर्म काढून त्या जागी ‘इट’ किंवा ‘हिम’ घाला आणि ते कुठे बसते ते पाहा.

‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. पण सर्वनाम आले की ‘टर्न इट ऑफ’ एवढाच पर्याय उरतो. ‘टर्न ऑफ इट’ असे त्या अर्थाने कोणीही म्हणत नाही. याउलट ‘लुक ॲट द लाइट’ मध्ये ‘लुक ॲट इट’ हेच शक्य आहे, ‘लुक इट ॲट’ कधीच नाही. सर्वनाम मध्ये बसले तर पार्टिकल, शेवटी बसले तर प्रिपोझिशन.

कसोटीचा खरा उपयोग तेव्हा दिसतो जेव्हा तेच दोन शब्द दोन्ही रीतींनी वापरले जातात. अहवालावरून नजर फिरवायची असेल तर ‘लुक इट ओव्हर’ म्हणतात आणि भिंतीपलीकडे डोकवायचे असेल तर ‘लुक ओव्हर इट’. ‘सी थ्रू हिम’ म्हणजे त्याचे ढोंग ओळखणे. ‘सी हिम थ्रू’ म्हणजे त्याला कठीण काळातून पार नेणे. ‘टर्न ऑन हिम’ म्हणजे अचानक त्याच्यावर उलटणे, तर ‘टर्न इट ऑन’ म्हणजे एखादे यंत्र सुरू करणे. सर्वनामाची जागा चुकली की अशा ठिकाणी वाक्य नुसते अशुद्ध होत नाही, दुसरेच काहीतरी सांगून बसते.

शंका उरली तर एक पूरक चाचणी आहे. क्रियापद आणि अव्यय यांच्यामध्ये एखादे क्रियाविशेषण घालून पाहा. ‘लुक केअरफुली ॲट इट’ चालते, कारण ‘ॲट’ पुढच्या शब्दाला बांधलेले आहे. ‘टर्न क्विकली ऑफ द लाइट’ चालत नाही, कारण ‘टर्न’ आणि ‘ऑफ’ यांच्यात असा उपरा शब्द शिरू दिला जात नाही.

प्रत्येक वेळी कसोटी लावण्याची गरज पडू नये म्हणून अव्ययांची ढोबळ विभागणी लक्षात ठेवा. ‘ॲट’, ‘फॉर’, ‘ऑव्ह’, ‘फ्रॉम’, ‘विथ’ आणि ‘इंटू’ ही नेहमीच्या वापरात प्रिपोझिशनच असतात, म्हणून सर्वनाम त्यांच्यानंतर येते. ‘अवे’, ‘बॅक’, ‘टुगेदर’ आणि ‘अपार्ट’ ही पार्टिकल आहेत, म्हणून ‘थ्रो इट अवे’, ‘गिव्ह इट बॅक’, ‘टेक इट अपार्ट’. उरलेली ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘इन’, ‘ओव्हर’, ‘थ्रू’, ‘अराउंड’ ही दोन्ही घरची आहेत. खरा अभ्यास यांचाच करावा लागतो.

३. मध्ये काय बसते आणि काय बसत नाही

पार्टिकलच्या क्रियापदात सर्वनाम मध्ये का येते, यामागे माहितीचा क्रम आहे. इंग्रजी वाक्याचा शेवट नव्या, वजनदार माहितीसाठी राखलेला असतो. ‘इट’ म्हणजे आधीच ठाऊक असलेली गोष्ट. तिला शेवटची मानाची जागा देण्याचे कारण नसते. त्याच न्यायाने लांबलचक कर्म मध्ये कोंबू नये. ‘फिल द फॉर्म इन’ ठीक आहे, परंतु ‘फिल द फॉर्म दॅट यू रिसीव्ह्ड यस्टरडे इन’ वाचताना शेवटच्या ‘इन’पर्यंत पोचेपर्यंत वाचकाचा श्वास संपतो, तिथे ‘फिल इन द फॉर्म दॅट यू रिसीव्ह्ड यस्टरडे’ हेच योग्य. ‘दिस’, ‘दॅट’, ‘समथिंग’ यांना पुरुषवाचक सर्वनामांइतके कडक बंधन नाही, तरी ‘राइट दिस डाउन’ हा क्रमच अधिक स्वाभाविक वाटतो आणि नवख्याने तोच धरावा.

४. तीन शब्दांची क्रियापदे

यांची भीती वाटते, पण सर्वनामाच्या दृष्टीने ही सर्वांत सोपी आहेत. आधी पार्टिकल, मग प्रिपोझिशन, आणि सर्वनाम नेहमी शेवटी: ‘पुट अप विथ इट’ म्हणजे सहन करणे, ‘रन आउट ऑव्ह इट’ म्हणजे ते संपून जाणे, ‘कॅच अप विथ हर’ म्हणजे तिला गाठणे, ‘गेट अवे विथ इट’ म्हणजे करूनसवरून सुटणे.

यांचाच एक पोटप्रकार दोन सर्वनामे घेतो आणि तो ऐकताना गोंधळ उडतो: ‘टॉक हिम आउट ऑव्ह इट’, म्हणजे समजूत घालून त्याला त्यापासून परावृत्त करणे, ‘टेक इट आउट ऑन हिम’, म्हणजे भलत्याचा राग त्याच्यावर काढणे, ‘फिल हिम इन ऑन इट’, म्हणजे त्याला घडलेले सारे सांगून माहितीत घेणे. पहिले सर्वनाम क्रियापदाचे, दुसरे प्रिपोझिशनचे. हे सुटे करून समजून घेण्यापेक्षा अख्खे तोंडपाठ करणे अधिक लवकर साधते.

५. एक वस्तू आणि एक माणूस असेल तेव्हा

‘गिव्ह हिम द बुक’ आणि ‘गिव्ह द बुक टू हिम’ दोन्ही चालतात. पण पुस्तकाचेही सर्वनाम झाले की ‘गिव्ह इट टू हिम’ हा सुरक्षित क्रम आहे. ‘गिव्ह हिम इट’ ब्रिटिश बोलण्यात ऐकू येते, शिकणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये.

यानंतर दोन गट वेगळे करावेत. ‘एक्स्प्लेन’, ‘डिस्क्राइब’, ‘सजेस्ट’, ‘मेन्शन’, ‘से’ या क्रियापदांना वस्तू थेट लागते आणि माणूस ‘टू’च्या मागून येतो: ‘एक्स्प्लेन इट टू मी’, ‘सजेस्ट इट टू हर’. ‘मला समजावून सांगा’ याचा सरळ तर्जुमा करून ‘एक्स्प्लेन मी’ आणि ‘सजेस्ट मी’ म्हणणारे अनेक सुशिक्षित लोक आढळतात. ही चूक कार्यालयीन पत्रव्यवहारात चटकन नजरेत भरते. दुसऱ्या गटात माणूस थेट लागतो आणि वस्तूला अव्यय लागते: ‘इन्फॉर्म हिम ऑव्ह इट’, ‘थँक हर फॉर इट’, ‘प्रोव्हाइड देम विथ इट’, ‘अक्यूज हिम ऑव्ह इट’. आरोपाच्याच अर्थाचे ‘चार्ज’ मात्र ‘विथ’ घेते.

कधी कधी एकच घटना दोन्ही बाजूंनी सांगता येते आणि बाजू बदलली की अव्यय बदलते. ‘ब्लेम हिम फॉर इट’ मध्ये माणूस कर्म आहे, ‘ब्लेम इट ऑन हिम’ मध्ये घडलेली गोष्ट. ‘रॉब’ हे लुटल्या गेलेल्याकडे पाहते, म्हणून ‘रॉब हिम ऑव्ह इट’. ‘स्टील’ हे चोरलेल्या वस्तूकडे पाहते, म्हणून ‘स्टील इट फ्रॉम हिम’. मराठीतल्या ‘लुटणे’ आणि ‘चोरणे’ या शब्दांतही हाच भेद आहे, त्यामुळे ही जोडी लवकर पचते.

६. सर्वनामाचे रूप तपासा

प्रिपोझिशननंतर सर्वनाम कर्माच्या रूपात येते: ‘मी’, ‘हिम’, ‘हर’, ‘अस’, ‘देम’. हे सर्वांना ठाऊक असते. घसरण होते ती दोन माणसे एकत्र आल्यावर. ‘बिटवीन यू अँड मी’ हे शुद्ध असून ‘बिटवीन यू अँड आय’ हे अतिशुद्धतेच्या हव्यासातून आलेले रूप आहे. दुसरा माणूस क्षणभर वगळून पाहावे: ‘फॉर आय’ कानाला खटकते, म्हणून ‘फॉर हर अँड मी’ बरोबर.

‘-सेल्फ’ची रूपे अधिक बारकाईने पाहावी लागतात. अव्यय जर क्रियापदाशी किंवा विशेषणाशी अर्थाने बांधलेले असेल आणि कर्ता व कर्म एकच असतील, तर ‘-सेल्फ’ अनिवार्य आहे: ‘लुक आफ्टर युवरसेल्फ’, ‘शी इज प्राउड ऑव्ह हरसेल्फ’. ‘ही लुक्ड ॲट हिम’ म्हटले तर ‘हिम’ हा दुसराच कोणी माणूस ठरतो. परंतु अव्यय केवळ जागा किंवा सोबत दाखवत असेल, तर साधे सर्वनामच येते: ‘ही लुक्ड बिहाइंड हिम’, ‘शी क्लोज्ड द डोअर बिहाइंड हर’, ‘टेक इट विथ यू’. मराठीत आपण ‘स्वतःसोबत घेऊन जा’ म्हणतो, म्हणून ‘विथ युवरसेल्फ’ सुचते, ते टाळावे. ‘बाय मायसेल्फ’ हे स्वतंत्रच प्रकरण असून त्याचा अर्थ ‘एकट्याने’ असा होतो.

७. ‘टू’ कोणता, हेही ‘इट’लाच विचारा

‘लुक फॉरवर्ड टू’ नंतर ‘मीट’ की ‘मीटिंग’, हा प्रश्न जवळपास प्रत्येक औपचारिक पत्राच्या शेवटी पडतो. ‘टू’नंतर ‘इट’ बसवून पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ हे वाक्य पूर्ण आहे, म्हणजे हा ‘टू’ प्रिपोझिशन आहे आणि त्यामागे ‘मीटिंग’ येणार. ‘आय वाँट टू इट’ हे वाक्य उभेच राहत नाही, म्हणून तिथे ‘मीट’. ‘ऑब्जेक्ट टू इट’, ‘आय ॲम यूज्ड टू इट’ यांनाही हीच परीक्षा लावावी.

८. वाक्याच्या शेवटी लोंबणारे अव्यय सांभाळा

मराठी माणसाला ही रचना सर्वांत परकी वाटते, कारण आपल्याकडे प्रत्यय नामाला सोडून एकटा कुठेही राहू शकत नाही. इंग्रजीत कर्म पुढे निघून गेले तरी अव्यय आपल्या जागी राहते: ‘हू आर यू वेटिंग फॉर?’ वाक्याचा शेवट असा करू नये, हे मत इंग्रजीत कवी जॉन ड्रायडनने १६७२ साली नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनातला दोष दाखवताना मांडले आणि पुढे शाळांनी ते उचलून धरले. परंतु बोलण्यात आणि चांगल्या लेखनात ही रचना तेव्हाही होती आणि आजही आहे. अतिशय औपचारिक मजकुरात ‘द पर्सन टू हूम आय स्पोक’ लिहावे; एरवी ‘द पर्सन आय स्पोक टू’ उत्तम. अव्यय पुढे नेले असेल तर त्यामागे ‘दॅट’ येत नाही, आणि पुढे नेलेले अव्यय शेवटी पुन्हा लिहायचे नसते.

चार ठिकाणी हे अव्यय हमखास विसरले जाते, आणि ती चार ठिकाणे वेगवेगळी घोटून घ्यावीत. पहिले, ‘टू’च्या रूपानंतर: बसायला खुर्ची म्हणजे ‘अ चेअर टू सिट ऑन’, बोलायला कोणीतरी म्हणजे ‘समवन टू टॉक टू’, काळजी करण्यासारखे काही नाही म्हणजे ‘नथिंग टू वरी अबाउट’. दुसरे, कर्मणी प्रयोगात: ‘ही वॉज लाफ्ड ॲट’, ‘इट मस्ट बी डेल्ट विथ’, येथे ‘ॲट’ आणि ‘विथ’ गाळले तर वाक्य पांगळे होते. तिसरे, संबंधी वाक्यांशात: ‘द हाउस शी लिव्ह्ज इन’. चौथे, ‘वर्थ’नंतर: ‘इट इज वर्थ लुकिंग ॲट’.

या सर्व ठिकाणी आणखी एक उलटी चूक संभवते. अव्यय एकटे पाहून त्यामागे ‘इट’ घालण्याचा मोह होतो आणि ‘अ चेअर टू सिट ऑन इट’ किंवा ‘द हाउस दॅट शी लिव्ह्ज इन इट’ अशी वाक्ये तयार होतात. खुर्ची आणि घर आधीच येऊन गेले आहेत. त्यांना दुसऱ्यांदा बोलावू नये. लेखभर सर्वनाम घाला म्हणून सांगितले, ते फक्त येथे काढायचे आहे.

९. अर्थ अंदाजाने कसा लावावा

फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापद आणि अव्यय मिळून होणाऱ्या अशा जोड्या; त्यांच्या हजारोंच्या याद्या पाठ करण्याचा सल्ला मी देणार नाही. संस्कृतातल्या ‘हृ’ या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार हे शब्द झाले, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. एक उपसर्ग धातूला कुठल्या कुठे नेतो. इंग्रजीत तेच काम क्रियापदामागे येणारे पार्टिकल करते. क्वचित ते पुढेही येते आणि मग अर्थ निराळा होतो: ‘लुक ओव्हर’ म्हणजे नजर टाकणे, पण ‘ओव्हरलुक’ म्हणजे नजरेतून निसटणे, ‘टेक ओव्हर’ म्हणजे ताबा घेणे, पण ‘ओव्हरटेक’ म्हणजे मागे टाकून पुढे जाणे.

याहून उपयुक्त तुलना आपल्या संयुक्त क्रियापदांशी होते. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत जो फरक आहे, तोच ‘ईट इट’ आणि ‘ईट इट अप’ यांत आहे. ‘यूज इट अप’, ‘ड्रिंक इट अप’, ‘टेअर इट अप’ यांतला ‘अप’ वर जाण्याचा नसून क्रिया पुरी करण्याचा आहे. ‘कॅरी ऑन’, ‘रीड ऑन’, ‘ड्राइव्ह ऑन’ यांतला ‘ऑन’ म्हणजे आपले ‘करत राहणे’. ‘ऑफ’मध्ये सुटे होणे किंवा खंडित होणे असते, ‘डाउन’मध्ये उतरणे, मंदावणे किंवा कागदावर उतरवणे, ‘आउट’मध्ये बाहेर येणे, उलगडणे किंवा संपून जाणे. हे धागे सर्वत्र लागू पडतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. ‘पुट इट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट हिम ऑफ’ म्हणजे त्याचे मन विटवणे किंवा त्याला टोलवणे. अशा ठिकाणी शब्दकोशच उघडावा लागतो.

काही वेळा ‘इट’ला स्वतःचा अर्थच नसतो आणि ते कशाबद्दल आले आहे हे शोधण्यात वेळ घालवू नये: ‘कट इट आउट’ म्हणजे पुरे कर, ‘गेट इट ओव्हर विथ’ म्हणजे नकोसे काम एकदाचे उरकून टाकणे, ‘मेक इट’ म्हणजे वेळेत पोचणे किंवा यशस्वी होणे. ही ‘इट’सकटच शिकायची असतात.

१०. कानाला सवय लावा

पानावर ओळखीचे असलेले हे तीन शब्द बोलण्यात एकमेकांत मिसळतात. ‘पिक इट अप’ हे ‘पिकिटप’ असे ऐकू येते. ‘हिम’ आणि ‘हर’ यांतला ‘ह’ गळतो. ‘देम’चे अनेकदा केवळ ‘अम’ उरते. आघात कुठे आहे ते मात्र स्पष्ट कळते आणि तोच उपयोगी पडतो. पार्टिकलवर जोर असतो: ‘टर्न इट ऑफ’ मध्ये ‘ऑफ’ ठसठशीत ऐकू येते. ‘लुक ॲट इट’ मध्ये जोर ‘लुक’वर पडतो आणि ‘ॲट’ दबते. स्वतः बोलतानाही ‘इट’वर जोर देऊ नये. संहिता झाकून पाच-सहा वाक्ये ऐकावीत, लिहून काढावीत आणि मग ताडून पाहावीत; सुरुवातीला गळणारे शब्द जवळजवळ सारे याच वर्गातले निघतात.

११. वही आणि पडताळणी

वहीत प्रत्येक नोंद सर्वनामासह लिहावी, तिच्यापुढे मराठी अर्थ लिहावा आणि खाली स्वतःचे एक वाक्य लिहावे. नोंदी क्रियापदाच्या अकारविल्हे क्रमाने लावण्यापेक्षा अव्ययाप्रमाणे लावाव्यात, म्हणजे ‘अप’च्या पानावर ‘अप’चे सारे गोत एकत्र दिसते. ऑक्सफर्ड आणि लाँगमन शब्दकोशांत सर्वनाम मध्ये बसू शकणाऱ्या क्रियापदांच्या नोंदीत दोन टोकांचा बाण छापलेला असतो. तो दिसला की वहीत ‘इट’ मध्ये, नाही दिसला की नोंदीत कर्माची जागा जिथे दाखवली असेल तिथे.

एखादी जोडी बरोबर आहे की नाही अशी शंका आली तर ती कॉर्पसमध्ये शोधावी आणि संशयित रूपाची तुलना दुसऱ्या रूपाशी करावी. ‘डिस्कस अबाउट’ शोधल्यास काहीच सापडत नाही असे होणार नाही. तुरळक उदाहरणे कशाचीही मिळतात. प्रमाण पाहावे आणि शिवाय ते वाक्य उघडून वाचावे, कारण दोन शब्द शेजारी आले म्हणजे ते एकमेकांचे असतातच असे नाही.

शेवटी प्रसंग पाहावा. ‘पुट इट ऑफ’ आणि ‘पोस्टपोन इट’, ‘फाइंड आउट अबाउट इट’ आणि ‘इन्व्हेस्टिगेट इट’ अशा जोड्यांत पहिले रूप बोलण्याचे व अनौपचारिक पत्राचे आणि दुसरे अहवालाचे. पुस्तकांतून इंग्रजी शिकलेला माणूस दुसऱ्या रूपांकडे झुकतो आणि मग साध्या गप्पांतही त्याचे बोलणे परिपत्रकासारखे वाटते. म्हणून वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे ‘बोली’ किंवा ‘लेखी’ अशी खूण करावी. मात्र ‘कॅरी इट आउट’, ‘सेट इट अप’, ‘डील विथ इट’ आणि ‘रिफर टू इट’ यांसारखी रूपे औपचारिक लेखनातही पूर्णपणे मान्य आहेत, तेव्हा त्यांच्यापुढे दोन्ही खुणा कराव्यात.